पुढचा चेंडू पडेपर्यंत

दिघ्यात रविवारी सकाळी टेनिस बॉलची मॅच बघायला तिकीट लागत नाही. ठाणे-बेलापूर रस्त्यावरून आत वळलं, की पारसिकच्या डोंगराच्या बाजूला कुठल्या तरी मोकळ्या जागेत चुन्याची फक्की ओढून पोरांनी क्रीझ आखलेली असते आणि टेबलावर ट्रॉफी मांडलेली असते. अशाच एका सहा षटकांच्या सामन्यात परवा दुसऱ्या धावेवरून राडा झाला. थ्रो कीपरकडे आला, बेल्स उडाल्या, सगळ्यांनी एका सुरात अपील केलं. स्क्वेअर लेगला पंच नव्हताच. एकटे अंपायर काका बोलरच्या टोकाला उभे. त्यांनी मान हलवली, "नॉट आउट."

पुढच्या चेंडूवर त्याच फलंदाजाने षटकार मारला. आणखी एक चेंडू पडला. तेवढ्यात दोरीबाहेरचा एक मुलगा मोबाइल उंच धरून मैदानात धावत आला. त्याच्या चित्रणात बॅट रेषेच्या चांगली वीतभर मागे होती. मग काय, दोन्ही संघ काकांभोवती. "काका, बघा ना, क्लिअर आउट आहे. तो सिक्स पण कट करा." काकांनी डोळे बारीक करून चित्रण पाहिलं, दोनदा पाहिलं आणि म्हणाले, "चुकलं माझं. मला तिथून दिसलं नाही. पण पुढचा बॉल पडला, पोरांनो. आता विषय संपला."

चूक कबूल करायची आणि निर्णय मात्र तसाच ठेवायचा, हा कुठला न्याय? आपल्याकडे एका तोंडाने 'पंचांमुखी परमेश्वर' म्हणतात आणि निकाल विरुद्ध गेला की दुसऱ्या तोंडाने 'रडीचा डाव'. पण काकांनी जे सांगितलं ते त्यांच्या मनाचं नव्हतं. खेळांच्या जगाने बऱ्याच भांडणांनंतर जवळजवळ तिथेच रेघ ओढली आहे.

नियमावलीतल्या तीन मुदती

क्रिकेटची नियमावली लंडनच्या मेरिलिबोन क्रिकेट क्लबकडे, म्हणजे एमसीसीकडे असते. पंचांचा निर्णय कधी फिरू शकतो, याच्या तीन मुदती तिच्यात आहेत.

पहिली मुदत पंचाची स्वतःची. त्याला आपला निर्णय बदलता येतो, पण लगेच. त्यानंतर तो अंतिम. दुसरी मुदत क्षेत्ररक्षण करणाऱ्या कर्णधाराची. पंचाच्या संमतीने तो अपील मागे घेऊन बाद झालेल्या फलंदाजाला परत बोलावू शकतो, पण पुढचा चेंडू खेळात येण्याआधी. तिसरी मुदत गुणलेखकांच्या वहीची. सामना संपल्यावर पंच आणि गुणलेखक यांनी धावसंख्या बरोबर असल्याचं एकदा मान्य केलं, की त्यानंतर निकाल बदलता येत नाही.

म्हणजे नजरेची चूक पुढच्या चेंडूपर्यंत सुधारता येते आणि बेरजेची चूक सामन्याच्या शेवटापर्यंत. त्यानंतर काही नाही. कागदावर हे कोरडं वाटतं. मैदानावर त्याची किंमत काय असते, हे मुंबईने पाहिलं आहे.

वानखेडेवरची माघार

१५ फेब्रुवारी १९८० ला वानखेडेवर भारत-इंग्लंड कसोटी सुरू झाली. निमित्त भारतीय क्रिकेट मंडळाच्या सुवर्णमहोत्सवाचं. दुसऱ्या दिवशी सूर्यग्रहण होतं, म्हणून तो विश्रांतीचा दिवस ठेवला होता. भारताच्या २४२ धावांना उत्तर देताना इंग्लंडची अवस्था ५ बाद ५८. कपिल देवच्या चेंडूवर यष्टीरक्षक बॉब टेलरविरुद्ध झेलाचं अपील झालं आणि पंच हनुमंत राव यांनी बोट वर केलं. टेलर घुटमळला. स्लिपमध्ये उभ्या असलेल्या कर्णधार गुंडप्पा विश्वनाथची खात्री होती, की चेंडू बॅटला लागलेला नाही. त्याने पंचांकडे जाऊन अपील मागे घेतलं आणि टेलरला परत बोलावलं.

टेलरने पुढे ४३ धावा केल्या. त्याच्या साथीने इयान बोथमने ११४ काढल्या. दोघांची भागीदारी १७१ धावांची. इंग्लंड २९६ पर्यंत पोचलं, बोथमने सामन्यात १३ बळी घेतले आणि इंग्लंड दहा गडी राखून जिंकलं.

विश्वनाथच्या दिलदारपणाचं कौतुक आजही होतं आणि 'त्याने सामना घालवला' असं म्हणणारेही भेटतात. माझ्या दृष्टीने या प्रसंगात मोलाची गोष्ट आहे ती वेळ. टेलर अजून मैदानावर होता, नवा फलंदाज आलेला नव्हता, पुढचा चेंडू पडलेला नव्हता. चूक दुरुस्त झाली ती सामन्याच्या आत. तिचे जे परिणाम झाले ते दोन्ही संघांनी खेळून भोगले.

२०११ साली नॉटिंगहॅमला अशीच वेळ महेंद्रसिंग धोनीवर आली. चहापानाआधीच्या शेवटच्या चेंडूवर इंग्लंडचा इयान बेल चेंडू सीमापार गेला असं समजून चालू लागला आणि धावचीत झाला. नियमाने तो बादच होता. चहापानात भारतीय संघाने विचार केला, अपील मागे घेतलं आणि बेल पुन्हा खेळायला आला. वीस मिनिटं उलटली होती, चहा पिऊन झाला होता, पण पुढचा चेंडू पडायचा होता.

रेडिओ, पाय आणि सीमारेषा

चूक दुरुस्त करायची सोयच नसेल तर काय होतं, हेही मुंबईला ठाऊक आहे. १९६९ च्या नोव्हेंबरात ब्रेबॉर्न स्टेडियमवर भारत-ऑस्ट्रेलिया कसोटीत वेंकटराघवनला यष्टीमागे झेलबाद दिलं गेलं. प्रेक्षकांना तेवढ्या लांबून काही कळणं शक्य नव्हतं. पण अनेकांच्या कानाला ट्रान्झिस्टर होता आणि समालोचकाने निर्णय चुकल्याचं सांगून टाकलं. बघता बघता स्टँडमध्ये जाळपोळ सुरू झाली, बाटल्या मैदानात आल्या. दिघ्यातल्या त्या मुलाच्या हातात मोबाइल होता. ब्रेबॉर्नवर तेच काम रेडिओने केलं. पंचापेक्षा प्रेक्षकाला जास्त माहिती मिळू लागली की मैदान पेटायला वेळ लागत नाही.

१९८१ च्या फेब्रुवारीत मेलबर्नला तर कर्णधारच पेटला. सुनील गावसकर ७० वर असताना डेनिस लिलीच्या चेंडूवर पंच रेक्स व्हाइटहेडने त्याला पायचीत दिलं. चेंडू आधी बॅटला लागला, असं गावसकरचं म्हणणं. निर्णय बदलायची वाट कुठेच नव्हती. संतापलेल्या गावसकरने जोडीदार चेतन चौहानला बरोबर घेतलं आणि दोघे चालू लागले. सीमारेषेपाशी संघाचे व्यवस्थापक विंग कमांडर शाहिद दुराणी उभे होते. त्यांनी चौहानला परत पाठवलं. तो रेषेच्या बाहेर गेला असता तर सामना तिथेच गमावण्याची वेळ आली असती. भारताने ३२४ धावा केल्या, १४३ चं लक्ष्य दिलं, कपिलने २८ धावांत ५ बळी घेतले आणि ऑस्ट्रेलिया ८३ वर गारद झाला. आपण तेव्हा चुकलो, हे गावसकरने पुढे स्वतःच मान्य केलं.

डर्बनपासून राजकोटपर्यंत

चुकीच्या निर्णयाविरुद्ध दाद मागायची रीतसर खिडकी क्रिकेटने हळूहळू उघडली. पहिली पायरी नोव्हेंबर १९९२, डर्बन. जाँटी ऱ्होड्सच्या थ्रोवर धावचीतचं अपील झालं, मैदानावरच्या पंचाने स्वतः निर्णय न देता टीव्हीसमोर बसलेल्या कार्ल लिबेनबर्गकडे विचारणा केली आणि सचिन तेंडुलकर हा तिसऱ्या पंचाने बाद दिलेला कसोटीतला पहिला फलंदाज ठरला.

तरीही झेल आणि पायचीत पंचाच्या नजरेवरच राहिले. जानेवारी २००८ च्या सिडनी कसोटीत अँड्र्यू सायमंड्स ३० वर असताना चेंडू बॅटची कड घेऊन यष्टीमागे गेला. स्टीव्ह बकनर यांनी त्याला नाबाद ठरवलं. तो १६२ वर नाबाद राहिला आणि भारत हरला. निकाल तसाच राहिला. पुढच्या पर्थ कसोटीतून मात्र बकनर यांना वगळण्यात आलं.

त्याच वर्षी श्रीलंकेत डीआरएसची, म्हणजे खेळाडूंना पंचाच्या निर्णयाची फेरतपासणी मागता येण्याच्या पद्धतीची, चाचणी झाली. भारताच्या वाट्याला तिच्यात निराशाच आली आणि आपल्या मंडळाने ती बरीच वर्षं लांब ठेवली. इतरांनी २००९ मध्ये ती स्वीकारली. भारताने मायदेशातल्या कसोटीत तिला जागा दिली ती २०१६ च्या नोव्हेंबरात, इंग्लंडविरुद्ध राजकोटला. मधल्या काळात २०११ च्या विश्वचषकात ती होती. मोहालीच्या उपांत्य सामन्यात सचिन २३ वर असताना सईद अजमलच्या चेंडूवर पायचीत दिला गेला, त्याने दाद मागितली, चेंडू लेग स्टंपच्या बाहेर जाताना दिसला आणि निर्णय फिरला. त्याने ८५ केल्या.

या पद्धतीतल्या दोन गोष्टी नीट समजून घेण्यासारख्या आहेत. पहिली मुदतीची. दाद मागायला खेळाडूला पंधरा सेकंद मिळतात. ड्रेसिंग रूममधून खूण करून सांगणं चालत नाही. संधीही मोजक्याच, कसोटीत डावाला तीन. जुना 'पुढचा चेंडू पडण्याआधी' हा दंडक यंत्रं आल्यावरही ढिला झाला नाही, उलट आवळला गेला.

दुसरी गोष्ट 'अंपायर्स कॉल'. यावर टीव्हीसमोर सर्वात जास्त डोकी फिरतात. पायचीतच्या निर्णयात कॅमेऱ्यांनी टिपलेला चेंडूचा मार्ग पॅडपर्यंत प्रत्यक्ष घडलेला असतो. तिथून स्टंपपर्यंतचा मार्ग संगणकाने काढलेला अंदाज असतो. चेंडू जिथे जाताना दाखवतात तिथे तो गेलेलाच नसतो, मधे पाय आलेला असतो. अंदाजात थोडी चूक संभवते. म्हणून अर्ध्याहून कमी चेंडू यष्टीला लागताना दिसला, तर पंचाने आधी जे म्हटलं तेच कायम राहतं. बाद तर बाद, नाबाद तर नाबाद. ढळढळीत चूक तेवढी काढायची आणि शंकेची जागा माणसाकडे ठेवायची, असा हा हिशेब आहे.

मुदत उलटल्यावर हात घातला तर

आता उलट बाजू. निकाल लागल्यावर तो बदलायचा प्रयत्न एकदा झाला आणि आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेचं हसं झालं. ऑगस्ट २००६, ओव्हल. पंच डॅरेल हेअर आणि बिली डॉक्ट्रोव्ह यांनी पाकिस्तानने चेंडूशी छेडछाड केल्याचं ठरवून इंग्लंडला पाच धावा दिल्या. निषेध म्हणून पाकिस्तानचा संघ चहापानानंतर वेळेवर मैदानात उतरला नाही. पंचांनी सामना इंग्लंडला बहाल केला. पुढे चौकशीत छेडछाडीचा आरोप टिकला नाही. जुलै २००८ मध्ये परिषदेने निकाल 'अनिर्णित' असा बदलला. एमसीसीने हरकत घेतली, की नियमावलीप्रमाणे लागलेला निकाल बदलायचा अधिकार कुणालाच नाही. फेब्रुवारी २००९ मध्ये परिषदेने माघार घेतली आणि इंग्लंडचा विजय पुन्हा नोंदला गेला.

बेरजेच्या चुकीचं उदाहरण आपल्या देशातलं आहे. जानेवारी २०१८ मध्ये सय्यद मुश्ताक अली करंडकात कर्नाटकाने हैदराबादविरुद्ध २०३ धावा केल्या. हैदराबादच्या क्षेत्ररक्षकाचा चेंडू अडवताना सीमारेषेला स्पर्श झाला होता, तिथे चौकार द्यायला हवा होता. डाव संपल्यावर दोन धावा वाढवून २०५ करण्यात आल्या. हैदराबाद २०३ वर थांबलं आणि दोन धावांनी हरलं. त्यांच्या कर्णधाराने, अंबाती रायुडूने, मैदानावरच वाद घातला. धावा खऱ्या होत्या, पण दुरुस्तीची वेळ संशयाला जागा देणारी होती.

बेसबॉलमधला अठ्ठाविसावा

या वादातली सर्वात अवघड केस मात्र बेसबॉलची. या खेळात एका संघाचे सत्तावीस फलंदाज ओळीने बाद करायचे आणि एकालाही पहिल्या बेसपर्यंत पोचू द्यायचं नाही, याला 'परफेक्ट गेम' म्हणतात. अमेरिकेच्या मुख्य लीगमध्ये सव्वाशेहून अधिक वर्षांत तो जेमतेम वीस वेळा झाला होता. २ जून २०१० ला डेट्रॉइटच्या आर्मांडो गालारागाने सव्वीस फलंदाज ओळीने बाद केले. सत्ताविसावा धावत पहिल्या बेसकडे आला, चेंडू त्याच्या आधी पोचला, तरी पंच जिम जॉइस यांनी त्याला नाबाद ठरवलं. पुढचा फलंदाज बाद झाला, डेट्रॉइट ३-० ने जिंकलं, पण विक्रम गेला.

सामन्यानंतर चित्रण पाहून जॉइस यांना रडू कोसळलं. त्यांनी गालारागाची माफी मागितली. निर्णय बदला, अशी मागणी देशभरातून झाली. ही मागणी जोरदार होती, कारण इथे निर्णय फिरवून बाकी काहीच बदलणार नव्हतं. त्या चुकीनंतर एकच फलंदाज खेळला आणि तोही बाद झाला. तरीही लीगचे आयुक्त बड सेलिग यांनी नकार दिला. दुसऱ्या दिवशी सामन्याआधी संघाची यादी पंचाला द्यायला गालारागा स्वतः गेला. समोर जॉइस होते. डोळे पुसत त्यांनी ती घेतली.

२०१४ पासून तिथे प्रशिक्षकांना अशा निर्णयांना आव्हान देता येऊ लागलं. २०२६ च्या हंगामापासून तर प्रत्येक चेंडू ठरलेल्या चौकटीतून गेला की नाही, यालाही आव्हान देण्याची सोय मंजूर झाली. आव्हान कधी द्यायचं? तिथल्या तिथे, स्वतःच्या डोळ्यांच्या भरवशावर.

त्याच बेसबॉलमध्ये एक निकाल मात्र खरोखर फिरला. जुलै १९८३ मध्ये न्यूयॉर्कला कॅन्सस सिटीच्या जॉर्ज ब्रेटने शेवटच्या डावात होमरन मारून संघाला ५-४ अशी आघाडी मिळवून दिली. पकड घट्ट व्हावी म्हणून बॅटला लावतात तो चिकट राळेचा लेप ठरलेल्या अठरा इंचांच्या वर गेला होता, म्हणून पंचांनी त्याला बाद देऊन सामना संपवला. लीगच्या अध्यक्षांनी चार दिवसांनी तो निर्णय रद्द केला. पण निकाल त्यांनी टेबलावर लिहिला नाही. होमरन मान्य करून ऑगस्टमध्ये सामना तिथूनच पुढे खेळवला आणि कॅन्सस सिटी जिंकलं. फरक लक्षात घ्या. ब्रेटने चेंडू कुठे मारला, यावर वाद नव्हता. पंचांनी नियमाचा अर्थ चुकीचा लावला होता.

चूक नजरेची की नियमाची

माझ्या मते सगळा गुंता इथे सुटतो. पंचाची चूक दोन जातींची असते. नजरेची चूक झाली तर पुढच्या चेंडूनंतर ती सुधारता येत नाही, कारण खेळ ही साखळी आहे. सिडनीला सायमंड्सच्या शेवटच्या १३२ धावा खोडता येतील. पण तो ३० वर गेला असता तर पुढच्या फलंदाजाने किती केल्या असत्या, हे कुणी लिहायचं? न खेळलेल्या सामन्याचा निकाल लावणं हा दुसरा अन्याय.

नियमाच्या चुकीचं तसं नाही. नियम काय आहे, हे पुस्तक उघडून सांगता येतं. पण तेही वेळेत आणि एकाच पुस्तकातून. ऑक्टोबर २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत भारत-इराण कबड्डीचा अंतिम सामना २८-२८ वर असताना पवन सेहरावत कुणालाही न शिवता लॉबीत गेला आणि त्याच्यामागे इराणचे बचावपटूही. जुना नियम लावायचा की नवा, यावर पंचांचा निर्णय पुन्हा पुन्हा फिरला, सामना तासाभराच्या आसपास थांबला. शेवटी भारत ३३-२९ ने जिंकला, पण जिंकणाऱ्यांनाही तो तास आनंदाचा गेला नाही.

गेलेला निकाल बदलण्यापेक्षा पुढची व्यवस्था बदलणं जास्त उपयोगी पडतं. याचा दाखला दिघ्याच्या शेजारीच आहे. दिघा गावच्या स्टेशनवरून गाडी धरली की पुढचं स्टेशन ठाणे. तिथे राहत होते पिलू रिपोर्टर, राज्य वीज मंडळात नोकरी करून कसोटी पंच झालेले. यजमान देशाचे पंच पक्षपात करतात, या आरोपांना कंटाळून पाकिस्तानने १९८६ मध्ये वेस्ट इंडिजविरुद्धच्या लाहोर कसोटीला रिपोर्टर आणि व्ही. के. रामस्वामी या दोन भारतीयांना बोलावलं. जुने निकाल कुणी उकरले नाहीत. पंच तेवढे त्रयस्थ आणले. पुढे जगभर तीच पद्धत रुळली.

२ नोव्हेंबर २०२५ ला नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारतीय महिलांनी विश्वचषक जिंकला, तेव्हा प्रत्येक चेंडूवर अनेक कॅमेरे रोखलेले होते. त्याच नवी मुंबईत दिघ्याच्या मैदानावर एक पंच आणि एक मोबाइल. साधनं वेगळी असली तरी नियम एकच चालतो.

म्हणून गावोगावच्या स्पर्धा भरवणाऱ्यांना एक सांगणं आहे. नाणेफेकीच्या आधी दोन्ही कर्णधारांना समोर उभं करून तीन गोष्टी ठरवा आणि स्पर्धेच्या पत्रकावर छापा. मोबाइलचं चित्रण ग्राह्य धरायचं की नाही. धरायचं तर ते कुणी बघायचं. आणि दाद मागायची ती पुढचा चेंडू पडण्याआधीच. जमलं तर स्क्वेअर लेगला दुसरा पंच उभा करा, अर्धी भांडणं तिथेच मिटतील. एवढं केल्यावरही चूक होईलच. तेव्हा 'चुकलं माझं' असं सगळ्यांसमोर म्हणणाऱ्या अंपायर काकांच्या अंगावर धावून जाऊ नका. पुढच्या रविवारी त्यांच्याशिवाय मॅच होणार नाही.